नगरे ओस पडली, भाषा टिकली

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



विषयाकडे वळण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. २०१२ सालचा डिसेंबर महिना आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. २१ डिसेंबरला जगाचा अंत होणार, अशी आवई त्या वेळी साऱ्या जगात उठली होती. माया नावाच्या प्राचीन लोकांच्या पंचांगात तसे लिहून ठेवले आहे, असे सांगितले जात होते. मी तेव्हा एका दैनिकाच्या पुरवणीचे काम पाहत असे. त्या आठवड्यात आम्ही एक संपूर्ण पान या विषयाला दिले. कोसळणारे मनोरे, उसळणाऱ्या लाटा आणि वर भला मोठा मथळा. तो मथळा माझा होता. 'लुप्त झालेल्या माया वंशाचे गूढ' हा शब्दप्रयोगही माझाच. २२ डिसेंबरला सूर्य नेहमीप्रमाणे उगवला आणि आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलो.

चार-पाच दिवसांनी एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. हस्ताक्षरावरून निवृत्त शिक्षक असावेत. त्यांनी एवढेच विचारले होते : 'माया वंश लुप्त झाला, असे आपण छापले आहे. मग ग्वाटेमालाच्या ज्या रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या कोण?'

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी शोध घेतला, तेव्हा कळले की मेंचू या माया आहेत, त्यांच्यातील किचे समाजाच्या. माया कुळातील सुमारे तीस भाषा आजही जिवंत आहेत आणि साठ लाखांच्या आसपास माणसे त्या घरात, बाजारात, शेतात बोलतात. ज्यांना मी एका मथळ्याने इतिहासजमा करून टाकले होते, ती माणसे शेतात मका पेरत होती. त्या पोस्टकार्डाचे ऋण म्हणून मी हा विषय पुढे वाचत राहिलो. आजचे भाषण ही त्या ऋणाची अंशतः फेड आहे.

अरण्यातील नगरे

मेक्सिकोचा आग्नेय भाग, संपूर्ण ग्वाटेमाला व बेलीझ, तसेच होंडुरास आणि एल साल्वादोरचा पश्चिम भाग, ही माया लोकांची भूमी. दक्षिणेस ज्वालामुखींचे डोंगर, मध्ये पेतेनचे घनदाट अरण्य आणि उत्तरेस यूकातानचे सपाट, चुनखडकाचे पठार. या पठारावर नद्या जवळपास नाहीतच. पावसाचे पाणी खडकात मुरते आणि खडक खचून तयार झालेल्या 'सेनोते' नावाच्या खोल नैसर्गिक विहिरींतून तेवढे दिसते. ही माहिती आपण ध्यानात ठेवावी. पुढे घडलेल्या अनेक गोष्टींचे मूळ तिच्यात आहे.

माया संस्कृतीचा उदय किती प्राचीन, याबद्दलच्या कल्पना अलीकडेच बदलल्या. विमानातून लेसर किरण सोडून झाडीखालच्या जमिनीचा नकाशा काढण्याचे तंत्र आता पुरातत्त्वज्ञांच्या हाती आले आहे. त्याच्या साहाय्याने मेक्सिकोतील ताबास्को राज्यात आग्वादा फेनिक्स येथे एक प्रचंड चौथरा सापडला. त्याचे वृत्त २०२० साली प्रसिद्ध झाले. लांबी सुमारे १,४०० मीटर, रुंदी ४०० मीटर आणि काळ इसवी सनापूर्वी १००० ते ८००. विशेष म्हणजे तेथे राजाचे वैभव सांगणारी शिल्पे आढळत नाहीत. म्हणजे राजे येण्यापूर्वीच सामान्य माणसांनी एकत्र येऊन हे अवाढव्य काम उभे केले असावे. पुढे ग्वाटेमालातील एल मिरादोर येथे सुमारे ७२ मीटर उंचीचे 'ला दांता' हे मंदिर-शिखर इसवी सनापूर्वीच उभे राहिले.

इसवी सन २५० ते ९०० हा माया इतिहासाचा वैभवकाळ मानला जातो. या काळात एकछत्री साम्राज्य कधीच नव्हते. तिकाल, कालाकमुल, पालेंके, कोपान अशी डझनावारी नगरराज्ये होती. प्रत्येकाचा राजा स्वतःला 'कुहुल आहाव' म्हणजे दिव्य अधिपती म्हणवीत असे. पालेंकेचा पाकाल वयाच्या बाराव्या वर्षी, ६१५ साली गादीवर आला आणि त्याने ६८३ पर्यंत, म्हणजे ६८ वर्षे राज्य केले. तिकाल आणि कालाकमुल यांच्यातील वैर पिढ्यान् पिढ्या चालले. ५६२ मध्ये तिकालचा पराभव झाला, ६९५ मध्ये तिकालने त्याची परतफेड केली. तिकालचे चौथे मंदिर ६५ मीटरच्या आसपास उंच आहे. लोखंडी हत्यारे नाहीत, गाडी नाही, ओझे वाहणारा प्राणी नाही. हा सारा दगड माणसांनी डोक्या-खांद्यावरून वाहिला.

आणि ही लोकसंख्याही थोडीथोडकी नव्हती. पेतेनमधील सुमारे २,१०० चौरस किलोमीटरच्या लेसर पाहणीत ६० हजारांहून अधिक बांधकामे आढळल्याचे २०१८ साली जाहीर झाले. त्या पाहणीच्या आधारे, वैभवकाळाच्या उत्तरार्धात मध्यवर्ती सखल प्रदेशात ७० लाख ते १ कोटी १० लाख लोक राहत असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. आज जेथे निबिड रान दिसते, तेथे तेव्हा शेते, बांध, कालवे आणि उंच रस्ते होते.

काळाची मोजणी

माया लोकांची खरी ओळख पटते ती त्यांच्या गणितात. आपण दहाच्या पटीत मोजतो, ते विसाच्या पटीत मोजत. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखी आकृती म्हणजे शून्य. एवढ्या तीन चिन्हांत ते कितीही मोठी संख्या मांडीत. आपल्याला शून्याचा सार्थ अभिमान आहे. त्याच शून्याकडे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचे लोक स्वतःच्या वाटेने पोहोचले होते, ही गोष्ट आपल्या अभिमानाला उणेपणा आणत नाही. मानवी बुद्धीविषयीचा आदर मात्र वाढवते.

त्यांचे एक धार्मिक पंचांग २६० दिवसांचे, दुसरे ३६५ दिवसांचे. दोन्ही चक्रे पुन्हा एकाच जागी यायला ५२ वर्षे लागत. त्याशिवाय ते इसवी सनापूर्वी ३११४ मधील एका आरंभदिनापासून सलग दिवस मोजीत. या मोजणीत १ लाख ४४ हजार दिवसांचा एक मोठा खंड असतो. असे तेरा खंड २१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण झाले, एवढीच त्या गाजलेल्या तारखेची हकिकत. आपल्याकडे शतक पूर्ण होते, तसे. पालेंकेच्या एका शिलालेखात तर इसवी सन ४७७२ मधील एका दिवसाचा उल्लेख आहे. २०१२ मध्ये जग संपणार असे मानणारा माणूस त्यानंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी येणारी तारीख दगडावर कशाला कोरील? हा प्रश्न मी मथळा देण्यापूर्वी विचारायला हवा होता.

श्रेय कोणाचे?

येथे एका समजुतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. 'माया' हे नाव ऐकताच आपल्याला महाभारतातील मयासुर आठवतो. पांडवांची मयसभा बांधणारा हा शिल्पी पाताळात, म्हणजे अमेरिकेत गेला आणि त्याच्याच वंशजांनी ही नगरे उभारली, असे लेख आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आले आहेत. ऐकायला गोड वाटते. पण पुरावा काय? हे नाव मुळात यूकातानमधले. मायापान या नगराच्या नावात ते आहे. स्पॅनिश लोकांनी आणि नंतरच्या अभ्यासकांनी ते साऱ्या समूहाला लावले. ती माणसे स्वतःला किचे, काक्चिकेल, केक्ची, त्सोत्सिल अशा नावांनी ओळखत आली आहेत. त्यांच्या भाषांचे संस्कृतशी नाते नाही. त्यांचे पूर्वज हिमयुगात ईशान्य आशियातून अमेरिकेत उतरले, त्याला कित्येक सहस्रके लोटली. शब्दांचे साम्य हा योगायोग आहे.

असा मोह केवळ आपल्यालाच झाला, असे नाही. युरोपीय विद्वानांनी ही नगरे इजिप्शियनांची, इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांची, समुद्रात बुडालेल्या अटलांटिसची ठरवून पाहिली. डॅनिकेन यांनी तर पाकालच्या शवपेटीच्या झाकणावर अंतराळवीर पाहिला. वस्तुतः त्या शिल्पात मृत्यूच्या जबड्यात उतरणारा राजा आणि त्याच्यामागे उभा असलेला विश्ववृक्ष आहे. या सर्व कल्पनांचे गृहीतक एकच : समोर दिसणाऱ्या या गरीब, सावळ्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांना हे जमणे शक्य नाही. १८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी चित्रकार फ्रेडरिक कॅदरवूड यांच्यासह या अरण्यात शिरला. १८४१ च्या आपल्या ग्रंथात त्याने ठामपणे लिहिले की ही नगरे येथल्याच लोकांच्या पूर्वजांनी बांधली. त्याचे म्हणणे खरे ठरले. आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वाचे श्रेय परक्यांनी लाटले, तर आपल्याला ते बोचते. दुसऱ्यांच्या बाबतीतही हाच न्याय लावणे, हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे.

चिकूचे लाकूड आणि हिंगूळ

आता ऱ्हासाकडे येऊ. आपण डहाणू-घोलवडचा चिकू आवडीने खातो. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. आपल्या तोंडी रुळलेला 'चिकू' हा शब्दही तिकडूनच, पोर्तुगीज-स्पॅनिश वाटेने आला. तिकालच्या स्थपतींना या झाडाचे लाकूड फार प्रिय होते. टणक, सरळ आणि न किडणारे. मंदिरांच्या दारांवरील कोरीव तुळया या लाकडाच्या असत. त्या तुळयांचा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की ७४१ साली चौथे भव्य मंदिर उभे राहिल्यानंतर तिकालच्या बांधकामांतून चिकूचे लाकूड दिसेनासे होते. त्याच्या जागी दलदलीत वाढणाऱ्या, वेड्यावाकड्या, कोरायला अवघड अशा झाडाचे लाकूड येते. वैभवाच्या शिखरावर असतानाच उत्तम वृक्ष संपले होते. मंदिरांना आणि चौकांना चुन्याचा गिलावा लागे. चुना भाजायला भट्टी लागे. भट्टीला पुन्हा लाकूड लागे.

पाण्याची कथाही अशीच. तिकालजवळ नदी नाही. वर्षातले चार-सहा महिने कोरडे जातात. म्हणून नगररचनाच अशी केली होती की चौकांवर पडलेला प्रत्येक थेंब उतारावरून बांधीव तलावांत जावा. तेथील एका तलावात पाणी गाळण्यासाठी स्फटिकाची वाळू आणि झिओलाइट हे खनिज दुरून आणून वापरले होते, हे २०२० मध्ये उजेडात आले. पाणी शुद्ध करण्याची अशी व्यवस्था दोन सहस्रकांपूर्वी करणारे हे लोक होते. पण त्याच वर्षी दुसरीही गोष्ट कळली. राजवाडा आणि मंदिरांलगतच्या तलावांच्या गाळात पाऱ्याचे प्रमाण घातक होते आणि विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाच्या खुणा होत्या. हा पारा आला कोठून? राजवास्तूंना आणि राजांच्या समाधींना लावल्या जाणाऱ्या लाल हिंगुळातून. राजाचे वैभव ज्या रंगाने झळकत होते, तो रंग पावसाबरोबर वाहत त्याच्याच पिण्याच्या पाण्यात उतरत होता.

अशा ताणलेल्या व्यवस्थेवर अवर्षणाचा घाव पडला. यूकातानमधील चिचांकानाब सरोवराच्या तळाचा गाळ तपासून शास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिले की इसवी सन ८०० ते १००० हा काळ त्या भागात असाधारण कोरडा होता. त्याच सरोवरावर आधारलेल्या २०१८ च्या संशोधनानुसार पाऊस ४१ ते ५४ टक्क्यांनी घटला होता. काही काळ ही घट ७० टक्क्यांपर्यंत गेली. उत्तर यूकातानमधील एका गुहेतील लवणस्तंभाचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८७१ ते १०२१ या दीडशे वर्षांत पावसाळेच कोरडे जाण्याचे आठ कालखंड आढळले. प्रत्येक किमान तीन वर्षांचा आणि सर्वांत दीर्घ तेरा वर्षांचा. सलग तेरा वर्षे पाऊस नाही म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या आणि माणदेशातल्या श्रोत्यांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण केवळ अवर्षणाने राज्ये कोसळत नाहीत. दक्षिणेकडील काही राज्ये तर पाऊस रुसण्यापूर्वीच आपसांतील युद्धांनी मोडली. दोस पिलास या नगराचा राजा ७६१ मध्ये पराभूत झाला. मागे राहिलेल्या रहिवाशांनी राजवाड्याचेच दगड उपसून घाईघाईने तटबंदी रचली. शेजारच्या आग्वातेका नगराला शतकाच्या अखेरीस आग लावली गेली. माणसे इतक्या तातडीने पळाली की भांडी, हत्यारे, दागिने घराघरांत तसेच राहिले. आणि या साऱ्या काळात राजे काय करत होते? ते आणखी शिलास्तंभ उभारत होते, आणखी मंदिरे बांधत होते, आणखी युद्धे पुकारत होते. पाऊस आणि पीक आपण देवांकडून आणतो, या वचनावर त्यांची गादी उभी होती. संकट आले, तेव्हा त्यांनी उपाय बदलला नाही, जुन्याच उपायाची मात्रा वाढवली.

कोपानमध्ये याचे एक बोलके चिन्ह आहे. तेथे ७७६ साली कोरलेल्या एका चौरस शिळेवर सोळा राजांची परंपरा दाखवली आहे. मूळ पुरुष सोळाव्या राजाच्या हाती राजचिन्ह देतो आहे, असे ते शिल्प. त्याच धर्तीवर ८२२ साली आणखी एक शिळा घडवायला घेतली गेली. तिच्यावर सोळाव्या राजासमोर नवा वारसदार बसला आहे. एक बाजू कोरून झाली. दुसरीवर काम सुरू झाले आणि थांबले. उरलेल्या बाजू कोऱ्याच आहेत. शिल्पकार छिन्नी खाली ठेवून निघून गेला, तो परतलाच नाही. तिकालचा शेवटचा तारीखवार शिलास्तंभ ८६९ चा आहे. वैभवकाळाच्या पद्धतीने कोरलेली अखेरची तारीख तोनिना येथे सापडते : इसवी सन ९०९.

माणसे कोठे गेली?

माझ्या 'लुप्त' या शब्दाचे उत्तर येथे आहे. दुष्काळाने, रोगराईने, युद्धाने माणसे मोठ्या संख्येने दगावली असणार, यात शंका नाही. परंतु उरलेली माणसे नाहीशी झाली नाहीत. ती निघून गेली. काही उत्तरेस गेली, काही किनाऱ्याकडे, काही सरोवरांकाठी, काही नुसतीच दूर रानात. चिचेन इत्सा हे नगर याच काळात बहराला आले. त्यानंतर मायापानचा उदय झाला आणि पंधराव्या शतकाच्या मध्यास तेही मोडले. कोसळली ती दिव्य राजांची व्यवस्था. कुटुंब, शेत, भाषा, दिवसांची मोजणी आणि चुन्याच्या पाण्यात मका शिजवून केलेली भाकरी टिकली. राजे गेले, तरी ग्रंथ लिहिणारे गेले नाहीत. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद करून, त्यावर चुन्याचा लेप देऊन, घडीच्या पोथ्या लिहिण्याची परंपरा पुढे सहा-सातशे वर्षे अखंड चालू राहिली.

निसर्गाच्या आणि स्वतःच्या चुकांच्या तडाख्यातून ही संस्कृती वाचली. तिच्या ग्रंथपरंपरेचा धागा तुटला तो नंतर, आणि तो तोडला गेला.

मानीची होळी

सोळाव्या शतकात स्पॅनिश आले. त्यांच्याबरोबर, कधी त्यांच्याही आधी, देवीची साथ आली. १५२४ मध्ये पेद्रो दे आल्वारादो ग्वाटेमालात घुसला. यूकातान जिंकायला स्पॅनिशांना दोन दशके लागली. माया लोकांची राजधानीच नव्हती, मग एक राजधानी घेऊन राज्य घेणार कसे? पेतेनच्या सरोवरातील नोहपेतेन हे इत्सा लोकांचे बेटावरील नगर तर १६९७ पर्यंत स्वतंत्र राहिले.

१२ जुलै १५६२. यूकातानमधील मानी हे गाव. डिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूला संशय आला होता की बाप्तिस्मा घेतलेले माया लोक गुपचूप आपल्या जुन्या देवतांना भजतात. शेकडो स्त्री-पुरुषांना टांगून, फटके मारून कबुलीजबाब घेतले गेले. आणि त्या दिवशी गावाच्या चौकात देवतांच्या मूर्तींचा आणि पोथ्यांचा ढीग रचून त्याला अग्नी देण्यात आला. त्या पोथ्यांत सैतानाच्या असत्याखेरीज काही नव्हते म्हणून आपण त्या जाळल्या, आणि त्याचे लोकांना आश्चर्यकारक दुःख झाले, अशा आशयाची नोंद लांदाने स्वतःच करून ठेवली आहे. त्याच्या अतिरेकाची चौकशी स्पेनमध्ये झाली. त्यातून तो निर्दोष सुटला आणि पुढे यूकातानचा बिशप होऊन परतला.

शतकानुशतके साचलेल्या त्या ग्रंथभांडारातून आज जगात चारच पोथ्या उरल्या आहेत. त्यांपैकी तीन ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस या युरोपीय नगरांत आहेत. चौथी मेक्सिकोत आहे. ड्रेस्डेनच्या पोथीत शुक्राच्या ५८४ दिवसांच्या भ्रमणाचे आणि ग्रहणांचे कोष्टक आहे. एका पोथीत एवढे असेल, तर जळालेल्यांत काय काय असेल? मी या प्रश्नापाशी दरवेळी थांबतो. पोथ्या गेल्या, त्या वाचणारे गेले आणि दोन-तीन पिढ्यांत नातवंडांना आजोबांची लिपी वाचता येईनाशी झाली.

जाळणाऱ्याचीच टिपणे

पण इतिहास विचित्र वळणे घेतो. याच लांदाने यूकातानच्या लोकांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याची एक प्रत १८६२ साली माद्रिदमध्ये सापडली. त्यात त्याने माया 'मुळाक्षरे' म्हणून काही चिन्हे उतरवली होती. विद्वानांनी ती लावून पाहिली, काही जुळेना. म्हणून ती निरुपयोगी ठरवली गेली. ही लिपी ध्वनी दाखवतच नाही, असे एरिक थॉम्प्सन यांच्यासारखे मातब्बर अभ्यासक सांगू लागले.

१९५२ साली लेनिनग्राडमधील युरी क्नोरोझोव्ह या तरुण संशोधकाने एक साधी गोष्ट ओळखली. लांदाने आपल्या माया लेखनिकाला स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारून दाखवली होती – 'बे', 'का', 'कू' – आणि त्याने त्या उच्चारांची चिन्हे काढून दिली होती. म्हणजे ही चिन्हे सुटी व्यंजने नव्हती. ती स्वरयुक्त अक्षरे होती. बाराखडी शिकलेल्या आपल्याला हे चटकन उमगते. रोमन अक्षरांत वाढलेल्यांना उमगायला नव्वद वर्षे लागली. पोथीत टर्की या पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे होती. त्यातले पहिले लांदाचे 'कु'. यूकातानच्या भाषेत टर्कीला 'कुत्स' म्हणतात. म्हणजे दुसरे चिन्ह 'त्सु' असले पाहिजे. मग कुत्र्याच्या चित्रावर पाहिले. तेथे तेच 'त्सु' आणि पुढे लांदाचे 'लु'. त्सु-लु : 'त्सुल', म्हणजे त्या भाषेत कुत्रा! कुलूप उघडले.

ही किल्ली का लागली, हे लक्षात घ्या. टर्कीला 'कुत्स' आणि कुत्र्याला 'त्सुल' म्हणणारी माणसे शिल्लक होती म्हणून. ग्रंथ जाळणाऱ्याला आयांच्या ओठांवरची भाषा जाळता आली नाही. शेतकरी, विणकर स्त्रिया, बाजारात मिरच्या विकणाऱ्या म्हाताऱ्या यांनी चार शतके नकळत ती किल्ली सांभाळली. सोळाव्या शतकाच्या मध्यात किचे जाणकारांनी आपली सृष्टिकथा 'पोपोल वूह' परक्या रोमन लिपीत उतरवून ठेवली. लिपी गेली तरी आशय जाऊ नये, ही त्यामागची दूरदृष्टी. पुढे १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी दाखवून दिले की शिलास्तंभांवर नुसते ज्योतिष नाही, राजांचे जन्म, राज्यारोहण, लढाया आणि मृत्यू कोरलेले आहेत. मुके दगड बोलू लागले. आज मी तुम्हाला पाकालचे वय आणि कोपानच्या राजांची संख्या सांगू शकलो, ती याच कष्टांमुळे.

या लोकांचे दुर्दैव सोळाव्या शतकात संपले नाही. ग्वाटेमालातील १९६० ते १९९६ या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली वा बेपत्ता केली गेली. सत्यशोधन आयोगाच्या १९९९ मधील अहवालानुसार, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. मेंचू यांच्या कुटुंबाचाही त्यात बळी गेला. पण त्याच काळात, १९८७ पासून, ग्वाटेमालातील माया शिक्षक आणि तरुण लिपितज्ज्ञांबरोबर बसून आपली प्राचीन लिपी पुन्हा शिकू लागले. १९९० मध्ये माया भाषांच्या अकादमीला कायद्याची मान्यता मिळाली. डोंगराळ भागातील दिनगणक तर २६० दिवसांचे पंचांग आजही चालवतात. ती मोजणी मधल्या काळात कधी थांबलीच नव्हती.

बंधू-भगिनींनो, संस्कृतीचा उदय आपण शिखरांच्या उंचीने मोजतो आणि ऱ्हास ओसाड पडलेल्या दगडांनी. मायांचा इतिहास सांगतो की ही दोन्ही मापे अपुरी आहेत. चिकूचे शेवटचे सरळ झाड तोडून सर्वांत उंच मंदिर बांधले गेले, तेव्हा शिखरावर उभ्या असलेल्या कोणालाही ऱ्हास दिसला नसेल. आणि नगरे रानाने गिळली, तेव्हा एखादी आई आपल्या मुलाला कुत्रा दाखवून 'त्सुल' म्हणायला शिकवत होती, त्या वेळी संस्कृती संपली आहे असे तिला वाटलेही नसेल. जंगल, माती आणि पाणी यांचा हिशेब राज्यकर्त्यांनी ठेवायचा असतो. भाषेचा हिशेब मात्र घराघरांत ठेवला जातो.

त्या पोस्टकार्डाला मी तेव्हा उत्तर पाठवले नाही. लाज वाटली. आज उत्तर देतो : गुरुजी, तुमचे बरोबर होते. ते लोक लुप्त झाले नव्हते. आम्हीच विचारपूस केली नव्हती.